नुसतं 'पाठ दुखते' म्हणू नका

(सुट्टीच्या दिवशी कॅम्पमध्ये झालेल्या बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



कंबर दुखते अशांनी जरा हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! आणि क्लिनिकमध्ये गेल्यावर आपण काय सांगतो? "पाठ दुखते." दोन गोळ्या मिळतात. रात्री बाम चोळायचा आणि सकाळी पुन्हा साइटवर.

मीही तेच केलं. दुबईत सळई बांधायच्या कामावर होतो. एकदा सळयांचा भारा उचलताना कमरेत चमक भरली. फोरमनला तोंडी सांगितलं. तीन महिन्यांनी उजवा पाय बधिर व्हायला लागला, तेव्हा कंपनी म्हणाली, "हे दुखणं कामावरचं नाही." माझ्याकडे एक कागद नव्हता. गावी आलो आणि उपचार स्वतःच्या पैशानं केले. तिथं डॉक्टरांनी एमआरआय दाखवून जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगतो.

कणा म्हणजे एक सलग हाड नाही, एकावर एक रचलेले मणके आहेत. मानेत ७, छातीमागं १२, कमरेत ५. त्याखाली ५ मणके जुळून एकच हाड झालेलं असतं आणि शेवटी माकडहाड. कमरेचे मणके सगळ्यांत मोठे, कारण वरचं सगळं ओझं त्यांच्यावर येतं.

दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेरून चिवट थरांचं कडं, आत मऊ गर. दिवसभराच्या दाबानं गादीतलं पाणी कमी होतं, रात्री आडवं झाल्यावर ती ते परत शोषून घेते. म्हणून संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटीमीटरभर बुटके असतो! झोप ही कण्याची दुरुस्ती आहे, चैन नव्हे.

मणक्यांच्या मागच्या नळीतून मज्जारज्जू जातो. तो कमरेच्या वरच्या भागात संपतो, पुढे नसांचा जुडगा खाली उतरतो. तिथून पायाला, लघवीच्या पिशवीला नसा जातात.

आता नस दबते कशी? वाकून, हात लांब करून गोणी उचलली आणि तसंच कंबर पिळून वळलात, की गादीच्या मागच्या कड्यावर ताण येतो. कडं फाटलं तर गर बाहेर येऊन नस दाबतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या सगळ्यांत खालच्या दोन गाद्यांमध्ये होतं. मग कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत, पावलात जाते. हीच सायटिका. लोक म्हणतात, "मणक्यात गॅप आला." खरं तर गादी झिजली की तिथली जागा बऱ्याचदा कमीच होते.

घाबरू नका. प्रत्येक कंबरदुखी म्हणजे गादी नव्हे. बरीचशी दुखणी स्नायूंची असतात, काही आठवड्यांत बरी होतात. नुसतं पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला. ओझं अंगाजवळ धरा, गुडघ्यात वाका, वळताना पावलं फिरवा. ५० किलोची गोणी एकट्यानं उचलण्यात मर्दानगी नाही, जोडीदाराला हाक मारा.

पण हे लक्षात ठेवा: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद जायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा. यूएईत अॅम्ब्युलन्ससाठी ९९८. उशीर झाला तर नसा कायमच्या अधू होऊ शकतात.

आता हक्काचं. यूएईत खासगी कंपन्यांसाठी २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा आहे. कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाचा. काम करता येत नसेल तर उपचार चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त ६ महिने, पूर्ण पगार. त्यानंतरही उपचार लागले तर आणखी ६ महिन्यांपर्यंत अर्धा. पण इजा कामावर झाली, हे दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्या देशात असाल तर तिथला कायदा विचारून घ्या.

म्हणून त्याच दिवशी सुपरवायझरला व्हॉट्सअॅप करा: "आज सकाळी १० वाजता चौथ्या मजल्यावर ब्लॉक उचलताना कमरेत खाली चमक भरली. कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत जाते. अंगठा बधिर आहे." डॉक्टरलाही हेच सांगा, "कामावर उचलताना झालं" असं लिहून घ्या आणि रिपोर्टचा फोटो घरी पाठवून ठेवा. कंपनी ऐकत नसेल तर कामगार मंत्रालयाचा फोन आहे: ६००५९००००.

'पाठ दुखते' म्हटलं की गोळी मिळते. कुठं, कधी, काय उचलताना, कळ कुठपर्यंत जाते, हे सांगितलं की तपासणी होते आणि नोंद राहते. माझ्याकडे ती नोंद नव्हती. तुमच्याकडे असू द्या.