घोटा मुरगळला, तर पाचव्या दिवशी पुन्हा पाहावा



खोपट म्हटले की ठाणेकरांना आधी एसटी डेपो आठवतो. भर पावसात घाईने गाडीतून उतरणाऱ्याचा पाय खड्ड्यात पडतो, पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरून कळ जाते. बहुतेक वेळा दुखावतो तो बाहेरच्या हाडाच्या टोकाकडून पुढे टॅलस हाडाकडे जाणारा अस्थिबंध, म्हणजे एटीएफएल. कबड्डीपटूचे आणि दहीहंडीच्या सरावातील गोविंदाचेही असेच होते. १० ऑगस्ट २०१२ रोजी याच ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले, तेव्हा वरचे आठही थर तळच्या गोविंदांच्या घोट्यांनी तोलून धरले होते.

घरी मात्र ‘लचक भरली’ एवढ्यावर निदान संपते. आंबेहळदीचा लेप लागतो, वर जोरात चोळणेही होते आणि ताज्या दुखापतीची सूज आणखी वाढते.

एक्स-रे कोणाचा काढावा, हे १९९२ साली कॅनडात मांडलेल्या ऑटावा निकषांनी सोपे केले. घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये दाबून दुखते का? रुग्ण चार पावले टाकू शकतो का? पण ‘हाड मोडलेले नाही’ हे ऐकून रुग्ण निर्धास्त होतो आणि फाटलेला अस्थिबंध तसाच राहून जातो, कारण साध्या एक्स-रेत तो दिसतच नाही.

म्हणून या परिषदेच्या स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे: चौथ्या-पाचव्या दिवशी, सूज आणि वेदना ओसरू लागल्यावर, घोटा पुन्हा तपासावा. एका हाताने नडगी स्थिर धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली की सैलपणा हाताला कळतो.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. घोट्याला आधार, लवकर चालणे, पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंचे बळ आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव, एवढे नेमाने झाले की पाय सावरतो. पण दुखणे थांबले की व्यायामही थांबतो, आणि घोटा पुन्हा पुन्हा दगा देऊ लागतो. नीट व्यायाम करूनही महिनोन्महिने घोटा अस्थिर राहिला, तर एमआरआय आणि अस्थिबंध-दुरुस्ती यांचा विचार होतो. स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडलेली आणि गूल्ड यांनी १९८० मध्ये सुधारलेली पद्धत आजही त्यासाठी वापरली जाते.

शस्त्रक्रियेच्या टेबलाइतकाच वेळ आपण त्या पाचव्या दिवसाच्या तपासणीलाही द्यावा, ही विनंती करून स्वागत समिती परिषदेची सूत्रे अध्यक्षांच्या हाती सोपवते.