विमानतळावर अडकलेला प्रवासी आणि काम थांबविणारा कर्मचारी

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय माझ्याकडे आला तो एका तक्रारीच्या रूपाने. एका सभासदाने विचारले : विमानातील कर्मचारी काम थांबवितात, आखातात नोकरीला निघालेला आमचा माणूस विमानतळावर अडकतो, त्याची नोकरी जाण्याची वेळ येते, अशा वेळी आम्ही पाठिंब्याचे पत्रक काढायचे, की त्याच्याबरोबर तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहायचे? प्रश्न विचारण्याच्या स्वरात थोडा राग होता आणि तो राग मला रास्त वाटला. त्याला केवळ घोषणेने उत्तर देता येणार नाही. म्हणून एक प्रत्यक्ष घडलेले प्रकरण घेऊन बोलतो.

2024 सालच्या 7 मेच्या रात्रीपासून एअर इंडिया एक्सप्रेस या कंपनीच्या शंभराहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी आयत्या वेळी आपण आजारी असल्याचे कळविले. पहिल्या दोन दिवसांतच दीडशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली. (जाता जाता सांगतो, 1974 चा ऐतिहासिक रेल्वे संप सुरू झाला तोही 8 मे रोजीच. त्या घटनेला बरोबर 50 वर्षे होत असताना हे घडले. तो निव्वळ योगायोग होता; पण तो संप पाहिलेल्या आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या तो लक्षात आला असेल.) एवढ्याशा लोकांच्या गैरहजेरीने एवढी विमाने जमिनीवर का राहावीत, असे पुष्कळांना वाटले. त्याचे उत्तर सोपे आहे. केबिन कर्मचारी म्हणजे चहा देणारी माणसे असा आपला समज असतो. वस्तुतः आग लागली, विमान पाण्यात उतरले, तर दारे उघडून माणसे बाहेर काढणे हे त्यांचे पहिले काम. नियमाप्रमाणे दर 50 आसनांमागे निदान एक प्रशिक्षित कर्मचारी असावाच लागतो. 180 आसनांच्या विमानात चारऐवजी तीनच हजर असले, तर ते विमान उडू शकत नाही.

आता ही कंपनी कोणाची ने-आण करते ते पाहा. 2005 साली ती सरकारी कंपनी म्हणून सुरू झाली तीच मुळी केरळ आणि आखाती देश यांच्यामधील स्वस्त वाहतुकीसाठी. 2022 च्या जानेवारीत ती एअर इंडियाबरोबर टाटा समूहाकडे गेली. तिचा प्रवासी म्हणजे मस्कतमधला गवंडी, शारजातला चालक, अबुधाबीतली परिचारिका. आपल्या रत्नागिरी-रायगडकडचीही किती घरे आखातातून येणाऱ्या पैशावर उभी आहेत, हे मी सांगायला नको. या माणसाला दोन दिवसांचा उशीर म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. व्हिसाची मुदत संपते, रजा संपते, मालक दुसरा माणूस ठेवतो. कण्णूर, कोची, तिरुवनंतपुरमच्या विमानतळांवर लोकांनी त्या दिवशी आरडाओरड केली ती यासाठीच. एका स्त्रीला परदेशात इस्पितळात असलेल्या पतीकडे जायचे होते; तिचे उड्डाण रद्द झाले आणि पती वारला तो भेट न होताच. कॉम्रेडहो, संपाविषयी बोलताना ही स्त्री आपल्यासमोर बसली आहे असे समजून बोलावे. तिच्यासमोर जे म्हणता येत नाही ते पत्रकातही छापू नये.

दुसरी बाजू. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी एका रात्रीत उपजल्या नव्हत्या. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची प्रक्रिया चालू होती. तीत जुन्या कर्मचाऱ्यांचे भत्ते कमी झाले, अनुभवी लोकांना वरच्या पदांच्या मुलाखतीत डावलले गेले, मुक्कामाच्या हॉटेलात दोघांना एका खोलीत राहावयास लावले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण कामगार खात्यापुढे समेटासाठी गेलेले होते. आणि काम थांबण्याच्या काही दिवस आधी खुद्द दिल्लीच्या विभागीय कामगार आयुक्तांनी कंपनीच्या वरिष्ठांना लिहून कळविले होते की, तक्रारींत तथ्य आहे, कामगार कायद्यांचा भंग उघड दिसतो आणि समेटाच्या बैठकांना व्यवस्थापनाने निर्णय घेऊ शकेल असा जबाबदार माणूस पाठविलेला नाही. हे कोणा संघटनेचे पत्रक नव्हे, सरकारी अधिकाऱ्याचे पत्र होते. त्यावर व्यवस्थापन हलले नाही. उड्डाणे थांबल्यावर मात्र ते तत्काळ हलले : 25 जणांना बडतर्फ केले आणि बाकीच्यांना 9 मेच्या दुपारी चार वाजेपर्यंत कामावर येण्याची ताकीद दिली. त्याच दिवशी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली, बडतर्फी मागे घेतली गेली आणि कर्मचारी कामावर परतले. जो तोडगा 9 मेच्या संध्याकाळी निघाला तो एप्रिलमध्ये का निघाला नाही, हा प्रश्न त्या विमानतळांवर कोणी विचारला नाही. तेथे तो विचारणारे आपले कोणी नव्हते.

संघटना आपली नव्हती, भारतीय मजदूर संघाची होती, हेही सांगून टाकतो. काही जणांना ते गैरसोयीचे वाटते. मला वाटत नाही. झेंड्याचा रंग पाहून वेतनकपात होत नसते.

तथापि, आजारपणाच्या मार्गाविषयी आपण स्पष्ट बोलले पाहिजे. औद्योगिक विवाद कायदा, 1947 प्रमाणे हवाई वाहतूक ही लोकोपयोगी सेवा होती. 14 दिवसांच्या नोटिशीवाचून संप बेकायदा आणि समेटाचे कामकाज चालू असताना नोटीस देऊनही बेकायदा. म्हणजे मालकाने समेटाला निर्णय घेऊ न शकणारा माणूस पाठवीत राहावे आणि कामगाराचे हात तेवढे दिवस बांधलेले राहावेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिने नोटिशीची अट सर्वच उद्योगांना लावली आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजाही संपाच्या व्याख्येत घातली. सरळ दार बंद केले की माणसे खिडकीतून बाहेर पडतात. पण खिडकीतून पडणारा कोणाच्या अंगावर पडतो? नोटीस दिलेल्या संपात प्रवाशाला निदान तारीख बदलता येते. आयत्या वेळच्या आजारपणात सर्वांत गरीब प्रवासी बॅगेसह दारात उभा राहतो आणि श्रीमंत प्रवासी दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढून निघून जातो. हा मार्ग कामगारांवर लादला गेला हे खरे. तो चांगला आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

आता अडकलेल्या प्रवाशाने काय करावे? हे सांगणे कार्यकर्त्याचे काम नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी थोडा वेळ धीर धरावा.

पहिली गोष्ट, घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नये. प्रवाशाने रद्द केले तर ती त्याची इच्छा ठरते आणि कंपनी आपले शुल्क कापून घेते. कंपनीने रद्द केले तर तिला एक तर सबंध भाडे परत द्यावे लागते, नाही तर दुसऱ्या उड्डाणात जागा द्यावी लागते, आणि दोहोंपैकी काय हवे ते प्रवाशाने ठरवायचे असते. पुष्कळदा खिडकीवरचा माणूस सांगतो की पैसे परत मिळणार नाहीत, रक्कम खात्यात जमा राहील, पुढच्या प्रवासाला वापरा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे ही सवलत घेणे न घेणे प्रवाशाच्या मर्जीवर आहे, त्याच्यावर ती लादता येत नाही. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश पुसून टाकू नये. मालकाला, व्हिसा कार्यालयाला दाखविण्यास तोच पुरावा. आखातात जाणाऱ्याने त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे, तोंडी नव्हे. निवासपरवाना असलेला माणूस साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक देशाबाहेर राहिला तर परवाना धोक्यात येतो, म्हणून मुदत जवळ आलेल्यांनी पर्यायी उड्डाणासाठी पहिल्या दिवसापासून आग्रह धरावा, परताव्यावर समाधान मानू नये. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर पहिली कंपनी त्याची जबाबदारी घेणार नाही, हेही आधीच ठाऊक असावे. जेवणाच्या, राहण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी. केरळातल्या माणसाला राज्य सरकारची ‘नोर्का रूट्स’ ही संस्था आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यासाठी त्या तोलाचे काही माझ्या पाहण्यात नाही.

येथवर झाला व्यवहार. परंतु या व्यवहारातच आपल्या विषयाचे मर्म दडलेले आहे. एरवी कंपनीने वेळेत सूचना न देता उड्डाण रद्द केले, तर भाड्याच्या परताव्याशिवाय नुकसानभरपाईही द्यावी लागते. उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपयांची मर्यादा तिला घातलेली आहे. मात्र असामान्य परिस्थितीत ही भरपाई माफ आहे आणि त्या असामान्य गोष्टींच्या यादीत पूर, दंगल, यादवी युद्ध यांच्या पंक्तीला नियमकर्त्यांनी संप आणि कामगार-तंटा बसविला आहे! पूर कोणी आणत नाही. भत्ता मात्र कोणीतरी कापलेला असतो.

युरोपात याच प्रश्नाचा निकाल वेगळा लागला आहे. 2016 च्या 30 सप्टेंबरला ट्युईफ्लाय या जर्मन कंपनीने पुनर्रचना जाहीर केली आणि पाठोपाठ तिचे वैमानिक आणि केबिन कर्मचारी मोठ्या संख्येने ‘आजारी’ पडले. वैमानिकांत हे प्रमाण 89 टक्क्यांपर्यंत गेले, केबिन कर्मचाऱ्यांत 62 टक्क्यांपर्यंत. कंपनी म्हणाली, ही असामान्य परिस्थिती, भरपाई देणार नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 17 एप्रिल 2018 रोजी ते फेटाळले. पुनर्रचना हा धंद्याच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग आहे, तिच्यातून कामगारांशी तंटा उद्भवणेही त्यातच येते आणि तो कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचा म्हणता येत नाही, असा त्याचा आशय. पुढे 2021 च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने स्कॅन्डिनेव्हियन कंपनी एसएएसच्या वैमानिकांनी कायदेशीरपणे केलेल्या संपालाही हेच तत्त्व लावले. हे न्यायालय काही समाजवादी नव्हे. पण त्याला जे दिसले ते आपल्या नियमांना दिसत नाही : विलीनीकरणाचा नफा ज्याच्या खात्यात जातो, त्या विलीनीकरणातून उठलेल्या तंट्याचा खर्चही त्याच्याच खात्यात पडला पाहिजे. आज तो मस्कतच्या गवंड्याच्या खात्यात पडतो. आणि खर्च त्याच्यावर पडला की तो स्वाभाविकपणे समोर दिसणाऱ्या माणसावर, म्हणजे न आलेल्या कर्मचाऱ्यावर चिडतो. नियमातील ते दोन शब्द मालकाचे पैसे वाचवितात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते दोन श्रमिकांना एकमेकांसमोर उभे करतात.

आणि संप नसला म्हणजे प्रवासी सुखरूप, असेही नाही. 2025 च्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. कोणीही काम थांबविले नव्हते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होणार हे कंपनीला पुष्कळ आधीपासून माहीत होते. तयारी केलेली नव्हती. त्या वेळी इतर कंपन्यांची भाडी भडकली तेव्हा सरकारने देशांतर्गत भाड्यांना कमाल मर्यादा घातली, म्हणजे तसे करता येते हे सिद्ध झाले. आणि त्याच सरकारने त्या कंपनीला विश्रांतीच्या नियमांतून तात्पुरती सूटही दिली. थकलेल्या वैमानिकाच्या झोपेतून गर्दी हटविली गेली.

तेव्हा सभासदाच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे : पत्रक काढायचे आणि रांगेतही उभे राहायचे. भरपाईच्या माफीतून संप आणि कामगार-तंटा हे शब्द काढून टाकावेत, तंट्याच्या काळात भाड्यांवर आपोआप मर्यादा यावी आणि समेटाला अधिकार नसलेला माणूस पाठविणे हाच गुन्हा ठरवावा, या तीन मागण्या प्रवाशाच्याही आहेत आणि कर्मचाऱ्याच्याही. विमान क्षेत्रातील संघटनांशी आपला संबंध असेल तेथे आपण त्यांना आग्रहाने सांगावे की, शक्य असेल तेथे तारीख जाहीर करा, विमानतळावर आपली माणसे प्रवाशांशी बोलायला उभी करा, इस्पितळात किंवा अंत्यसंस्काराला निघालेल्यांची सोय आधी लावून द्या. आढेवेढे घेतले जातील. जोर कमी होतो, असे म्हटले जाईल. थोडा होतोही. पण पहिल्या दिवशी सहानुभूती गमावून तिसऱ्या दिवशी बडतर्फी झेलण्यापेक्षा ते बरे.

पत्रकाचा मसुदा मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत हवा. मराठी मसुद्यात ‘परतावा’ लिहावे की ‘भाड्याची परतफेड’, यावर येथे येण्याआधीच दोन कॉम्रेडांत वाद सुरू झालेला मी ऐकला. दापोलीहून कुवेतला निघालेल्या माणसाला विचारून घ्यावे आणि त्याला जो शब्द कळेल तो ठेवावा. महासंचालनालयाच्या नियमांची प्रत मी सोबत आणली आहे; चहाच्या सुट्टीत ज्यांना पाहायची असेल त्यांनी ती पाहावी, मग प्रश्न घेऊ.