बोचक्याला कुलूप



पत्रिकेत विषय छापलाय 'शहरी दारिद्र्य आणि बेघर'. दारिद्र्यरेषा कशी आखतात, समित्या किती नेमल्या, हे तुम्ही वाचलेलं आहे. त्यात शिरत नाही. मला एकाच वस्तूबद्दल बोलायचंय. कुलूप. (हशा.) हसा, पण ऐका.

ओल्गा टेलिस खटला तुम्हाला ठाऊकच आहे. जुलै १९८१, भर पावसात मुंबईतल्या फुटपाथवरची बिऱ्हाडं उठवली, माणसं बसमध्ये घालून शहराबाहेर धाडली. १९८५ साली सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठानं मान्य केलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटी येते. फुटपाथवर राहायचा हक्क मात्र नाही म्हणाले. पावसाळा सरेपर्यंत मुदत दिली. यावर तासभर बोलता येईल. पण त्या बिऱ्हाडात सामान काय होतं, हे कुणी विचारलं?

भायखळ्याला पुलाखाली एक मावशी राहतात. धुणीभांडी करतात. बोचकं घेऊन कामावर गेलं तर बाई दारात उभं करत नाही, ठेवून गेलं तर पालिकेची गाडी उचलते. म्हणून बारा वर्षांची मुलगी दिवसभर बोचक्यावर बसून राहायची. शाळा सुटली ती अशी! एकदा ती नळावर गेली, तेवढ्यात गाडी आली. बोचक्यात रेशनकार्ड होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. त्या दाखल्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान नाही. दाखला पुन्हा काढायचा तर ओळखीचा पुरावा हवा, आणि पुरावा गाडीत गेलेला. मी त्यांच्याबरोबर तीन खिडक्या फिरलो. तिसऱ्या खिडकीशी त्या मला म्हणाल्या, "दादा, भांडी गेली त्याचं काही नाही. पण मी विधवा आहे, हे आता कुणाला पटवू?"

मागून कुणीतरी विचारतंय, हे लोक निवाऱ्यात का जात नाहीत? रास्त प्रश्न आहे. पण राग येतो मला या प्रश्नाचा, लपवत नाही. शहरात लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१०च्या सुमारास सांगून झालं. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. आहेत ते निवारे नीट पाहा. बहुतेक ठिकाणी एकट्या पुरुषांची सोय. बायको-पोरांना घेऊन जायचं, तर बाप्या एकीकडे, बाईमाणूस दुसरीकडे. आणि सामान? उशाला घ्यायचं. मी जाईन त्या निवाऱ्यात पहिल्यांदा हेच विचारतो, पेटी कुठंय? माणसागणिक एक लोखंडी पेटी आणि तिची किल्ली त्याच्या गळ्यात, एवढंच माझं मागणं आहे. दिवसाही वापरता येणारा एक खण दिलात तरी पोरगी शाळेत जाईल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. नुसतं निराधार दिसणंही त्यात गुन्ह्यात कसं मोडतं, ते सांगायचं होतं.

मावशींचं पुढं काय झालं? अर्ज पडून आहे. परवा गेलो होतो. मुलगी आता चौदाची आहे. नव्या बोचक्यावर बसली होती.