‘स्मिथ’ म्हणजे लोहार



कामगारांच्या हजेरीपटावरची नावे वाचण्यात माझी हयात गेली. नावाआड माणसाचा इतिहास असतो, हे मी तिथेच शिकलो. आज निवडलेले नाव मात्र परदेशचे आहे: स्मिथ.

स्मिथ म्हणजे लोहार. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वी इंग्लंडातील सामान्य माणसाला वंशपरंपरेचे आडनाव नव्हते. पुढील तीनचार शतकांत ते रूढ झाले. आता कोणी विचारील, गावात शेतकरी पुष्कळ, लोहार एखादाच; मग स्मिथच एवढे का? उत्तर त्या ‘एखादाच’मध्ये आहे. ‘शेतकरी जॉन’ म्हटले तर दहाजण माना वर करतील. ‘लोहार जॉन’ म्हटले की एकच. शिवाय फाळ आणि नाल यांवाचून गाव चालत नाही. म्हणून गावोगावी भात्याशेजारी हे नाव स्वतंत्रपणे जन्मले. सगळ्या स्मिथांचा मूळपुरुष एक नाही. धंदा एक आहे.

आयर्लंडात हेच नाव सक्तीने शिरले. तिथे ‘मॅक गावन’, म्हणजे लोहाराचा मुलगा, हे जुने आडनाव होते. १४६५ साली डब्लिन, मीद, लाउद आणि किल्डेअर येथील आयरिशांना कायद्याने फर्मावले गेले, की गावाचे, रंगाचे, धंद्याचे वा हुद्द्याचे इंग्रजी आडनाव घ्या. न घ्याल तर दरसाल मालमत्तेवर टाच. एका कायद्याने सारे बदलले नाहीत. पण राज्य इंग्रजांचे, म्हणून वजन इंग्रजी नावालाच. पुढे कॅव्हन परगण्यातले कितीतरी मॅक गावन स्मिथ झाले. काही मॅकगोवन राहिले.

१८४५ च्या दुष्काळानंतर आयरिश माणसे जहाजे भरभरून अमेरिकेस गेली. तिथे काही जर्मन श्मिटही स्मिथ झाले. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांतही हे नाव आहे. २०१० च्या अमेरिकन जनगणनेत स्मिथ चोवीस लाखांवर निघाले, सर्वांत अधिक.

लोहार आडनाव आपल्याकडेही आहे. पण स्मिथाचा मुलगा शिंपी झाला, प्राध्यापक झाला, तरी त्याच्या नावावरून कोणी त्याची पंगत ठरविली नाही. अर्थशास्त्राचा आद्य पंडित ॲडम स्मिथ जकात अधिकाऱ्याचा मुलगा होता. आपल्याकडे आडनाव ऐकताच जात हुडकली जाते. हाताच्या कामावरून नाव पडावे, यात अभिमानच आहे. पण त्या नावाची बेडी होऊ नये. बेडीही लोहारच घडवितो, आणि तोडतोही तोच.