‘छोटेसे ऑपरेशन’ आणि मानेतली नस

(गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मंडपाची तोरणे बांधायला मी शिडीवर असतो. मध्यंतरी दोन वर्षे मात्र मी खाली उभा राहून नुसत्या सूचना देत होतो. “आता साहेब झाले!” असे काहींनी गमतीने म्हटले. खरे कारण आज सांगतो.

मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल विभागात लागलेला इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली थोडी मागे, बोराएवढी गाठ आली. तपासणीसाठी ती काढायचे ठरले. “छोटेसे ऑपरेशन, दोन-तीन टाके, संध्याकाळी घरी,” असे सांगण्यात आले. संमतीपत्रावर मी न वाचताच सही केली. डिसकनेक्शन मेमो न वाचता मी कधी सही करत नाही, पण स्वतःच्या मानेच्या बाबतीत केली!

गाठ क्षयाची निघाली. सहा महिने औषधे घेऊन क्षय बरा झाला. पण ऑपरेशननंतर खांदा सतत दुखे, हत्यारांची पिशवी खांद्यावरून घसरे. “फ्रोझन शोल्डर असेल, शेक घ्या,” असा सल्ला मिळाला. एके दिवशी सौ. म्हणाल्या, “अहो, तुमचा डावा खांदा उतरलाय. सदरा एका बाजूला लोंबतोय.” आरशात पाहिले तर खरेच. हात बाजूने खांद्याच्या वर जाईना. नसांची विद्युत तपासणी झाली, तेव्हा कळले की मानेतली एक नस तुटली आहे. तोवर पाच महिने गेले होते.

या नसेला स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह म्हणतात. मेंदूकडून येणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही अकरावी. मानेच्या मागच्या बाजूच्या त्रिकोणी भागातून ती तिरकी जाते आणि खांदा उचलून धरणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूला पोचते. आमची सिग्नलची केबल मीटरभर खोल असते, तरी जेसीबीवाला ती तोडतोच. ही नस तर त्वचेखाली थोड्याशाच अंतरावर, चरबीत असते आणि लसिका ग्रंथी तिला खेटून असतात. गाठ काढताना ती कापली जाऊ शकते किंवा ओढली जाऊ शकते. या नसेला शस्त्रक्रियेत इजा होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे हेच ‘छोटेसे ऑपरेशन’. आमच्याकडे केबल तुटली की सिग्नल लाल होतो. शरीरात लाल दिवा लागत नाही. खांदा हळूहळू उतरत जातो.

आपण राहतो त्या काशीशी या विषयाचे जुने नाते आहे. सुश्रुत हे काशिराज दिवोदास धन्वंतरींचे शिष्य मानले जातात. सुश्रुतसंहितेत शरीरातील 107 मर्मे सांगितली आहेत. मानेतील नीला आणि मन्या या मर्मांना इजा झाल्यास वाचा जाते किंवा आवाज बिघडतो. मान आणि बाहू यांच्या मधल्या अंस मर्माला इजा झाल्यास हात ताठरतो, असे त्यात म्हटले आहे. शस्त्र चालवताना मर्मे टाळावीत आणि शिष्याने आधी कोहळा, भोपळा, काकडी यांवर हात बसवावा, असेही सांगितले आहे. आजचे शरीरशास्त्र फार पुढे गेले, पण जागा ओळखून हात घालावा हे तत्त्व तेच आहे.

पुढे माझ्या पायातली एक बारीक नस घेऊन मानेतली नस जोडली. जोडलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. वर्षभर व्यायाम केला. आज हात कानापर्यंत जातो, जड वजन मात्र पेलत नाही.

कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. निष्णात हातांकडूनही हे घडू शकते. गाठ तपासायला घाबरू नका. तपासणी टाळणे जास्त धोक्याचे. फक्त एवढे करा :

1. आधी सुईने तपासणी करून भागेल का, हे विचारा.

2. गाठ काढायचीच असेल तर जवळ कोणती नस आहे, ती कशी सांभाळणार, हे विचारा. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस, जबड्याखालच्या ऑपरेशनमध्ये ओठाचा कोपरा हलवणारी नस जवळ असते.

3. ऑपरेशनआधी आरशासमोर दोन्ही हात बाजूने वर करून पाहा. नंतर काही दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा पाहा. फरक वाटला तर लगेच सर्जनना दाखवा.

4. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. नस गेलेली असेल तर सुरुवातीला दुसऱ्याने उचलल्यास जातो, आपला आपण जात नाही. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता, तर माझे महिने वाचले असते.

ओढली गेलेली नस कधी कधी आपोआप सुधारते, पण तुटलेली जोडायची तर पहिले काही महिनेच मोलाचे.

यंदा गजाननाच्या गळ्यात हार मी स्वतः, दोन्ही हातांनी घातला. तेवढ्याने मला भरून आले. 

गणपती बाप्पा मोरया!