हंगाम सरल्यावर हाताला काम

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची थप्पी लागते. हमाल, मापाडी, टेम्पोवाले, कुणालाच उसंत नसते. याच दिवसांत नांदेडच्या मुखेड-कंधार भागातून ऊसतोडीच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो.

उन्हाळ्याच्या तोंडावर साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबते, आणि चित्र पालटते. गावात माणसे असतात, काम नसते. अर्थशास्त्रज्ञ याला हंगामी बेकारी म्हणतात.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात यावर उपाय सुचवला: सार्वजनिक कामांतून ग्रामीण गरिबांना रोजगार द्यावा. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्यात हजारो हात खडी फोडायला, तलाव खोदायला लागले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात रुजली. तिचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

२००५मध्ये देशाने असाच कायदा केला. त्याचा परिणाम क्लेमाँ आंबेर आणि जॉन पॅप या अर्थतज्ज्ञांनी तपासला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की कोरड्या महिन्यांत खासगी रोजंदारीचे दरही वाढले.

म्हणजे हमीचे काम न घेणाऱ्या मजुराच्याही पदरात त्यामुळे चार पैसे जास्त पडले.