पाणपोईचे पाणी

मृताच्या नावाने दान करण्याची चाल आपल्या देशात फार जुनी आहे. पाणपोया, घाट आणि धर्मशाळा यांवर कोरलेली नावे तिची साक्ष देतात. कर्करोगाविरुद्ध आपल्याकडे जे कार्य उभे राहिले त्याच्याही मुळाशी असेच घरगुती दुःख आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण १९२३ साली या रोगाने गेली. ते शल्य उरी बाळगून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९५४ साली मद्रासच्या अड्यार भागात अवघ्या १२ खाटांचे रुग्णालय उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संशोधनासाठी निधी स्थापन झाला आणि १९४१ साली टाटांच्या विश्वस्तनिधीतून मुंबईत परळला रुग्णालय उभे राहिले.

इमारतीसाठी आणि यंत्रासाठी पैसा मिळतो. एका जिल्ह्याच्या गावी स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी निधी जमवणाऱ्या समितीचा मी कार्यवाह होतो. यंत्राला देणगीदार एकाच बैठकीत लाभले. खेड्यांतून येणाऱ्या बायकांच्या एस. टी. भाड्याचा विषय मी काढला, तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, "भाड्यावर नाव कोठे कोरणार?" सारे हसले. मीही हसलो आणि ते कलम गाळले. यंत्र आले, त्याच्यापाशी आल्या त्या बहुतेक गावातल्याच बायका. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत हा आज पहिल्या क्रमांकाचा आहे. गाठ प्रथम सहसा दुखत नाही. म्हणून, आणि संकोचापायी, ती झाकली जाते. पुष्कळ जणी दवाखान्याची पायरी चढतात तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो.

परळच्या त्याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. त्याहून लहान वयात मात्र तसा लाभ दिसला नाही. हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे, कारण कोणाला काय उपयोगी पडते हे कळणे हेच संशोधनाचे फळ.

तेव्हा वर्गणी देणाऱ्यांना माझी विनंती आहे. यंत्राला अवश्य द्या. पण दारोदार जाणाऱ्या सेविकेचे वेतन, गाठ सापडलेल्या बाईचे प्रवासभाडे, शहरातला तिचा व तिच्या सोबतिणीचा मुक्काम, यांसाठीही काही राखून ठेवा. यांवर नाव कोरता येणार नाही. परंतु पाणपोई बांधणाऱ्याचे पुण्य रांजण रोज भरणाऱ्याच्या हातीच असते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते.